पश्चिमसागराच्या काठचा तुवरक

रॉकेलचे डबे कोकणपट्टीच्या बंदरांत उतरू लागण्यापूर्वी, आणि उतरू लागल्यानंतरही कित्येक वर्षे, दक्षिण कोकणातील व गोमंतकातील घरांत जे तेल दिव्यात जळे, अंगाला चोळले जाई किंवा औषधाला लागे, ते सारेच काही तेल्याच्या घाण्यावरून येत नसे. उंडीच्या बियांचे उंडेल, करंजाचे करंजेल, रातांब्याच्या बियांपासून काढून मुठीने वळलेले भिरंडेल, अशी कितीतरी तेले परसातल्या, पाणंदीतल्या आणि रानातल्या झाडांनी पुरवलेली असत. ह्या झाडांची कोणी पेरणी केलेली नसे आणि बिया वेचणे, वाळवणे, कांडणे हे काम बहुतांशी घरच्या बायकांचे असे; त्यामुळे तीळ, जवस, भुईमूग ह्या गळिताच्या धान्यांना व्यापारी वह्यांत आणि सरकारी दप्तरांत जी जागा मिळाली ती ह्या तेलांना कधी लाभली नाही. ह्याच पंगतीत बसणारे, परंतु ज्याचा उच्चार लोक काहीसा दबकतच करीत, असे एक तेल होते ते कडू कवठीचे. गोव्याकडे त्यास खष्टेल म्हणतात. ज्या व्याधीस आपल्याकडे रक्तपिती किंवा महारोग म्हणत, जिच्या नुसत्या संशयाने माणूस घरातून, जातीतून आणि गावातून उठे, त्या व्याधीवरचे हे औषध होय. सुमारे अर्धशतकभर साऱ्या जगातील वैद्यकाने ह्या तेलावर आणि त्याच्या भाईबंदांवर आपली आशा केंद्रित केली होती, आणि ते केवळ त्यांतील दोन-तीन मेदाम्लांच्या जोरावर, ही हकीकत महाराष्ट्रात जितकी माहीत असावयास हवी तितकी माहीत नाही, म्हणून ती येथे सांगण्याचे योजिले आहे.

कडू कवठ हा सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील ओलसर अरण्यात, विशेषतः ओहोळांच्या आणि नद्यांच्या काठी वाढणारा सदाहरित वृक्ष. कोकणापासून थेट त्रावणकोरपर्यंत त्याचा मुलूख पसरला आहे. जुन्या वनस्पतिशास्त्रीय ग्रंथांत तो हिडनोकार्पस वाइटियाना ह्या नावाने आढळतो. अलीकडच्या ग्रंथांत त्यास हिडनोकार्पस पेंटँड्रस म्हणतात. आपल्या नेहमीच्या आंबटगोड कवठाशी त्याचे काडीचेही नाते नाही. फळ तेवढे तसेच वाटोळे, कठीण कवचाचे, वरून तपकिरी मखमली लव असलेले, आणि आतल्या गरात कोनदार बिया गच्च बसलेल्या. ह्या बियांच्या मगजात अर्ध्याहून अधिक भाग तेलाचा असतो. ते पिवळसर, उग्र वासाचे, चवीला किळसवाणे आणि थंडीत थिजणारे असते. बी फोडून मगज वाळवावयाचा, कांडावयाचा, पाण्यात उकळावयाचा आणि वर तरंगणारे तेल अलगद काढून घ्यावयाचे, ही त्याची घरगुती रीत. गुरांची खरूज, माणसांचे नायटे, चिघळलेल्या जखमा ह्यांवर ते लावीत. त्यात गंधक, कापूर आणि लिंबाचा रस घालून केलेले मलम दक्षिण कोकणात प्रचलित असल्याचे एकोणिसाव्या शतकातील औषधिग्रंथांत नमूद आहे. फळ ठेचून ओढ्याच्या डोहात टाकले की मासे गुंगून वर येतात, हेही रानात राहणाऱ्यांना ठाऊक होते. मात्र असे मासे खाणाऱ्यास बाधतात, असा जाणत्यांचा इशारा असे.

आता ह्या झाडाचा सर्वांत जुना आणि सर्वांत सविस्तर दाखला पाहू. तो सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील तेराव्या अध्यायात आहे. तेथे तुवरक नावाच्या वृक्षाचे वर्णन करताना संहिताकाराने त्याचा ठावठिकाणा असा दिला आहे की, आजच्या वनस्पतिशास्त्रज्ञानेही मान डोलवावी: पश्चिम समुद्राच्या भूमीवर हे वृक्ष असतात आणि लाटांवरून येणाऱ्या वाऱ्याने त्यांची पालवी हालत असते. गंगेच्या काठी, काशीच्या परंपरेत सांगितल्या गेलेल्या ह्या ग्रंथाला आपल्या किनाऱ्यावरील एका झाडाची इतकी नेमकी खबर असावी, ह्यावरून एक तर हे तेल किंवा त्याच्या बिया व्यापाराच्या वाटेने उत्तरेकडे जात असल्या पाहिजेत, नाहीतर येथील वैद्यांची विद्या तरी तिकडे पोचली असली पाहिजे, असे मला वाटते. पुढील विधी तर एखाद्या कारखान्याच्या नियमावलीसारखा काटेकोर आहे. पावसाळ्याच्या तोंडी पिकलेली फळे आणावी, त्यांतील मज्जा काढून वाळवावी, कुटावी, तिळाप्रमाणे पिळून किंवा करडईप्रमाणे उकळून तेल काढावे, पाण्याचा अंश आटेपर्यंत ते कढवावे आणि मग गोवऱ्यांच्या चुऱ्यात पंधरवडाभर पुरून ठेवावे. रोग्यास आधी स्निग्ध व शुद्ध करून, शुक्लपक्षातील शुभ दिवशी, मंत्रपूर्वक ते प्यावयास द्यावे. त्याने वांती आणि रेच दोन्ही होतात, म्हणून सायंकाळी मीठ व स्नेह वर्ज्य करून गार पेज द्यावी. असे पाच दिवस करावे, क्रोधादी विकार टाळावे आणि पंधरा दिवस मुगाच्या यूषावर राहावे. कुष्ठ आणि प्रमेह ह्या दोहोंवर हा योग सांगितला आहे. वाग्भटानेही तुवरकाला आपल्या रसायनविधीत स्थान दिले. ‘कुष्ठ’ ह्या सदरात प्राचीनांनी त्वचेचे अनेक विकार घातले असल्यामुळे त्यांचे प्रत्येक कुष्ठ म्हणजे आजचा कुष्ठरोग नव्हे, हे मान्य करूनही, त्वचेची बधिरता आणि अवयवांचा ऱ्हास ही लक्षणे त्यांना परिचित होती, ह्याविषयी संशयास जागा राहत नाही.

मध्यंतरीच्या शतकांत ही विद्या ग्रंथांतून घराघरांत आणि वैद्यांच्या बटव्यांत गेली. सतराव्या शतकात कोचीनचा डच गव्हर्नर व्हान रीड ह्याने मलबारच्या वनस्पतींचा जो विशाल ग्रंथ सिद्ध करविला, त्याच्या १६७८ साली अॅम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झालेल्या पहिल्याच खंडात ‘मरोट्टी’ ह्या मल्याळी नावाने हे झाड चित्रासह आले आहे. त्या ग्रंथासाठी माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन ह्या मल्याळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट हे तिघे कोंकणी ब्राह्मण होते, आणि त्यांची १६७५ सालची साक्ष नागरी लिपीत त्याच खंडात छापलेली आहे. पूर्वेकडेही ह्या वृक्षाच्या भावंडांची ख्याती होती. सयामातून चीनमध्ये जाणाऱ्या बियांचा उल्लेख चिनी औषधिग्रंथांत चौदाव्या शतकापासून आढळतो. आणि ब्रह्मदेशात तर कुष्ठाने ग्रासलेला वाराणसीचा राम नावाचा राजा राज्य सोडून अरण्यात गेला, तेथील एका वृक्षाच्या सेवनाने बरा झाला आणि त्याच व्याधीने पिडलेल्या, वाघाच्या भयाने आक्रोश करणाऱ्या राजकन्येला त्याने त्याच औषधाने बरे केले, ही बौद्ध परंपरेतील कथा ह्याच जातीच्या झाडाची म्हणून सांगतात.

अव्वल इंग्रजी अमदानीत मात्र कीर्ती मिळाली ती कडू कवठीला नव्हे, तर बंगालच्या बाजारात मिळणाऱ्या चौलमुगरा नावाच्या बियांना. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील अध्यापक फ्रेडरिक मोआट ह्यांनी १८५४ साली चौलमुगऱ्यावर टिपण प्रसिद्ध केले, युरोपीय डॉक्टरांचे लक्ष तिकडे वेधले आणि १८६८ च्या हिंदुस्थानच्या औषधिकोशात त्याचा समावेश झाला. परंतु हे बी नेमके कोणत्या झाडाचे, ह्याविषयी विद्वानांची समजूतच चुकीची होती. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग ह्यांच्या आधारे ते जायनोकार्डिया नावाच्या वृक्षाचे मानले गेले आणि जवळजवळ अर्धशतकभर ग्रंथांतून तेच नाव नकलले गेले. बाजारातला व्यापारी आणि ते बी आणणारा ब्रह्मी किंवा चितगावचा रानवासी ह्यांना आपण कोणत्या झाडाखालून बी वेचतो हे पक्के ठाऊक होते. त्यांना कोणी विचारले नाही, एवढेच. शेवटी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानाचे अधीक्षक डेव्हिड प्रेन ह्यांनी खरा चौलमुगरा म्हणजे टॅरॅक्टोजेनोस कुर्झी हा वृक्ष होय, अशी खातरजमा केली. हा वृक्ष कडू कवठीच्याच गोत्रातला, आणि आता तर त्यासही हिडनोकार्पस ह्याच प्रजातीत घालतात.

मुंबईत ह्याच काळात एक स्वतंत्र प्रयत्न चालला होता, आणि त्याचा कर्ता म्हणून ज्या पुरुषाचे नाव घ्यावयाचे ते मराठी वाचकास अन्य कारणांनी सुपरिचित आहे. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचा जन्म गोमंतकातील पेडणे महालातल्या मांद्रे गावचा, शिक्षण मुंबईत, आणि १८४५ साली स्थापन झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील ते एक. शिलालेखांचे वाचन, कालिदासाच्या काळाची चर्चा, स्त्रीशिक्षण, मुंबईचे राजकारण ह्या साऱ्यांत त्यांचे नाव इतके गाजले की, त्यांच्या मूळ व्यवसायातील कामगिरी झाकोळून गेली. आपले बंधू डॉ. नारायण दाजी ह्यांच्या सहकार्याने ते गोरगरिबांना मोफत औषध देत, आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे रीतसर शिक्षण घेतलेले असूनही संस्कृत वैद्यकग्रंथांतील औषधींची कसोटी लावून पाहणे हे आपले कर्तव्य आहे, अशा निष्ठेने त्यांनी देशी वनस्पतींचा अभ्यास आरंभिला. त्यांत महारोगावरील त्यांचे उपचार विशेष प्रसिद्धीस आले. दूरदूरचे रोगी त्यांच्याकडे येऊ लागले. त्या औषधाचे मूळ द्रव्य कडू कवठीच्या बियांचे तेल होते, अशी पुढील ग्रंथकारांची नोंद आहे. मांद्र्याच्या परिसरात जे तेल खष्टेल म्हणून सर्वांच्या परिचयाचे, त्याचाच सुश्रुताच्या तुवरकाशी मेळ घालण्याची दृष्टी ह्या एकाच माणसाच्या ठिकाणी असू शकत होती. कारण गावची भाषा, संस्कृत ग्रंथ आणि रुग्णालयातील खाट ह्या तिहींचा अनुभव त्या पिढीत अशा रीतीने एकत्र आलेला दुसरा कोणी मला तरी दिसत नाही. दुर्दैव असे की, औषधाची सविस्तर माहिती शास्त्रीय पद्धतीने जगापुढे मांडण्यापूर्वीच पक्षाघाताने त्यांना गाठले आणि १८७४ साली त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्याच वर्षी नॉर्वेतील बर्गन येथे हान्सेन ह्यांना ह्या रोगाचा जंतू दिसला होता. आणि त्याच वर्षी, १८७३ मध्ये, ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापन केलेले, शरीररचनेच्या एका विख्यात ग्रंथातील आकृत्या काढणारे डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हे ह्याच रोगाचा अभ्यास करण्यासाठी नॉर्वेला गेले होते. रोगाचे कारण शोधणारी विद्या आणि त्यावरचे औषध शोधणारी विद्या ह्यांची मुंबईत गाठ पडण्याचा योग अगदी हाताशी आला होता. तो साधला नाही, ह्याची हळहळ वाटते.

मुंबईच्या रस्त्यांवरील निराधार महारोग्यांसाठी १८९० साली माटुंग्याला आश्रयस्थान उघडले, ते तत्कालीन म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲक्वर्थ ह्यांच्या खटपटीने आणि लोकवर्गणीच्या बळावर. हेच ते ॲक्वर्थ, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांच्या साहाय्याने ऐतिहासिक पोवाडे गावोगावच्या गोंधळ्यांकडून मिळवून १८९१ साली प्रसिद्ध केले. शाहिरांच्या तोंडून मराठ्यांचा इतिहास उतरवून घेणारा आणि महापालिकेच्या हद्दीतील सर्वांत टाकलेल्या माणसांना छप्पर देणारा अधिकारी एकच असावा, हा योगायोग मला मोठा समाधानाचा वाटतो. डॉ. नसरवानजी चोक्सी ह्यांनी तेथील वैद्यकीय व्यवस्था पाहिली. ह्या संस्थेत आणि देशातील तिच्यासारख्या इतर आश्रमांत तेल पोटात देण्याची किंवा अंगास चोळण्याची पद्धत होती, आणि तिची मोठी अडचण म्हणजे ते तेल पोटात टिकत नसे. सुश्रुताने पाचच दिवसांचा विधी सांगितला तो बहुधा अनुभवानेच. येथे महिनोन्‌महिने रोज घेण्याचा प्रश्न होता, आणि मळमळ, वांती, अन्नद्वेष ह्यांनी रोगी इतके त्रस्त होत की बहुतेक जण औषध सोडून देत.

ह्या तेलात असे आहे तरी काय, ह्या प्रश्नाचे उत्तर लंडनमध्ये मिळाले. फ्रान्सच्या शेव्हरल ह्या रसायनज्ञाने १८२३ साली आपल्या ग्रंथात चरबी म्हणजे ग्लिसरीन आणि मेदाम्ले ह्यांचा संयोग, हे दाखवून दिल्यानंतर प्रत्येक तेलाची ओळख त्यातील मेदाम्लांवरून करण्याची पद्धत पडली होती. भिरंडेलात मुख्यतः स्टिअरिक आणि ओलेइक आम्ले, करंजेलात ओलेइक, अशी ही बहुतेक आम्ले म्हणजे कार्बन अणूंच्या लांब सरळ साखळ्याच असतात. फरक असतो तो साखळीच्या लांबीत आणि तिच्यातील दुहेरी बंधांत. वेलकम प्रयोगशाळेतील फ्रेडरिक पॉवर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९०४ व १९०५ साली खऱ्या चौलमुगऱ्याचे आणि मग कडू कवठीचे व सयामी जातीचे तेल तपासले, तेव्हा त्यांना कोणत्याही तेलात पूर्वी न आढळलेली आम्ले मिळाली. एकास त्यांनी चौलमुग्रिक आणि दुसऱ्यास हिडनोकार्पिक आम्ल अशी नावे दिली. पहिले १८ कार्बनांचे, दुसरे १६ कार्बनांचे. ह्यांच्या साखळीच्या टोकाला पाच कार्बनांचे एक वलय असते. त्या वलयाची नेमकी रचना अमेरिकेतील रॉजर ॲडम्स ह्यांच्या प्रयोगशाळेत १९२५ च्या सुमारास निश्चित झाली. वलय असलेले असे मेदाम्ल धारण करणारी झाडे जगात फार थोडी, आणि ती बहुतेक ह्याच कुळातली. त्याच तपासणीत असेही दिसून आले की, अर्धशतक ज्या जायनोकार्डियाला चौलमुगरा म्हणून मान मिळाला होता, त्याच्या तेलात ह्या आम्लांचा लवलेशही नाही. उलट कडू कवठीच्या तेलात ती विपुल होती. पुढील अधिक बारीक विश्लेषणांत तिच्या मेदाम्लांपैकी जवळजवळ निम्मा वाटा हिडनोकार्पिकचा आणि चतुर्थांशाहून काहीसा अधिक चौलमुग्रिकचा भरला. पुस्तकांतील नावे चुकली, वर्णने चुकली, परंतु तेलातील आम्ल मात्र खोटी साक्ष देत नाही. सुश्रुताने ज्या किनाऱ्याकडे बोट दाखवले होते तेथलाच वृक्ष ह्या कसोटीवर अव्वल ठरला. ह्या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

रसायनाने वाट दाखवल्यावर प्रश्न उरला तो तेल शरीरात पोचवावयाचे कसे हा. इजिप्तमध्ये तोर्तुलिस बे ह्यांनी १८९४ साली ते त्वचेखाली टोचून पाहिले होते. फिलिपाइन्समध्ये व्हिक्टर हायझर ह्यांनी त्यात कापूर आणि रेसॉर्सिन मिसळून टोचण्यास आरंभ केला. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स ह्यांनी १९१५ च्या सुमारास मेदाम्लांचे सोडियमचे क्षार करून ते वापरले. ह्या सर्वांत ज्या व्यक्तीची हकीकत मनाला चटका लावते ती हवाई बेटांतील ॲलिस बॉल ह्या तरुण कृष्णवर्णीय रसायनज्ञेची. १९१५ साली तेथील महाविद्यालयाची रसायनशास्त्रातील उच्च पदवी मिळवणारी ती पहिली स्त्री. तेथील डॉक्टर हॅरी होलमन ह्यांच्या विनंतीवरून तिने ह्या मेदाम्लांचे एथिल एस्टर तयार केले, म्हणजे दाट, चिकट, टोचल्या जागी गाठ धरून बसणारे तेल पातळ आणि शरीरात शोषले जाण्याजोगे करण्याची युक्ती तिने शोधली. १९१६ च्या अखेरीस, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, ती मरण पावली. आपले काम तिला छापता आले नाही, आणि महाविद्यालयाचे प्रमुख आर्थर डीन ह्यांनी तेच काम पुढे चालवून प्रसिद्ध केले तेव्हा तिचे नाव गाळले. होलमन ह्यांनी १९२२ साली आपल्या लेखात ही बॉल हिची पद्धती होय असे स्पष्ट लिहिले म्हणून सत्य उरले. ह्या एस्टरांनी हवाईतील कित्येक रोगी सुधारून घरी गेले, आणि बियांची मागणी एवढी वाढली की, अमेरिकेच्या शेतकी खात्याने जोसेफ रॉक ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाला सयाम, ब्रह्मदेश आणि आसाम धुंडाळण्यास पाठवले. त्याने आणलेल्या बियांची हवाईत लागवड झाली.

हिंदुस्थानात ह्या उपचाराला देशव्यापी रूप दिले ते कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकविद्यालयातील डॉ. अर्नेस्ट म्यूर ह्यांनी. ब्रह्मदेशचे बी महाग, जुने आणि पुष्कळदा भेसळीचे येते; पश्चिम किनाऱ्यावरील कडू कवठीचे तेल ताजे, स्वस्त आणि गुणाने तसेच किंबहुना सरस मिळते; तेव्हा तेच वापरावे, असा पुरस्कार त्यांनी केला. मग आठवड्यातून एकदा किंवा दोनदा चट्ट्यांच्या जागी कातडीत तेल टोचणे, ही १९२० ते १९५० च्या दरम्यानची दवाखान्यादवाखान्यांतील रीत होऊन बसली. सुई जाड, तेल दाट, टोचण्या पुष्कळ. गळवे होत, ताप येई. आणि तरीही रोगी रांगा लावून येत. ज्या माणसाला आजवर कोणी स्पर्शसुद्धा केला नव्हता, त्याच्या अंगाला ठरलेल्या वारी कोणीतरी हात लावीत होते, त्याचे नाव वहीत लिहीत होते आणि पुढच्या खेपेला ये म्हणून सांगत होते, ह्या गोष्टीचे मोल औषधाच्या गुणाहून कमी मानणे मला अन्यायाचे वाटते. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण ह्यांनी १९३६ साली कुष्ठधाम काढले, सेवाग्रामात ह्या रोगाने पिडलेल्या परचुरे शास्त्र्यांची शुश्रूषा गांधीजींनी स्वहस्ते केली, अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभारले; ह्या सर्व प्रयत्नांच्या आरंभकाळी येथील वैद्यकाजवळ ह्या रोगावर देण्यासारखे मुख्य औषध म्हणजे हेच तेल होते.

मग त्याने रोग बरा होई काय? प्रामाणिक उत्तर असे की, आरंभीच्या अवस्थेतील काही रोग्यांत चट्टे फिकट होत, गाठी विरत, जंतू दिसेनासे होत. परंतु ह्या रोगात काहींना आपोआपही उतार पडतो, आणि त्या काळी औषध न दिलेल्या रोग्यांशी कसोशीने तुलना केलेली नसल्यामुळे कोणता गुण तेलाचा व कोणता निसर्गाचा, हे सांगणे अवघड राहते. वाढलेल्या रोगात ते असमर्थच ठरे. पुढे १९७० नंतरच्या प्रयोगांत हिडनोकार्पिक आम्ल ह्या रोगाचा जंतू ज्या वर्गातला, त्या वर्गातील जंतूंची वाढ रोखते असे दिसून आले. म्हणजे शतकानुशतकांचा अनुभव अगदीच निराधार नव्हता. तथापि खरे जोरकस औषध निराळ्याच वाटेने आले. अमेरिकेतील कारव्हिल येथे फॅगे ह्यांनी १९४१ साली सल्फोन वर्गातील औषध वापरून पाहिले, त्यातूनच स्वस्त आणि तोंडाने घेता येणारे डॅप्सोन आले, आणि १९५१ साली वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने काम सुरू केले तेव्हा पाहणी, शिक्षण आणि उपचार ह्या त्रिसूत्रीतील उपचार डॅप्सोनचा होता. थोड्याच वर्षांत तेलाच्या बाटल्या दवाखान्यांच्या फळ्यांवरून उतरल्या. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत पुरस्कारिली, आणि ज्या रोगाने माणसाचे गाव सुटे तो रोग काही महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होऊ लागला.

हवाई विद्यापीठाने २००० साली आपल्या आवारातील चौलमुगऱ्याच्या झाडाखाली ॲलिस बॉल हिच्या नावाची पाटी बसवली. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयाला १९७५ साली भाऊ दाजींचे नाव देण्यात आले, ते त्यांच्या विद्वत्तेच्या आणि नागरी सेवेच्या स्मरणार्थ, आणि ते यथायोग्यच झाले. परंतु त्या बागेत कडू कवठीचे एक झाड त्यांच्या नावाने लावावे, ही सूचना मी येथे पूर्ण गांभीर्याने करतो. सावंतवाडी, दोडामार्ग आणि सत्तरीच्या ओहोळकाठची जुनी झाडी रबर, काजू आणि अननसाच्या लागवडीखाली जात आहे, आणि ज्या झाडाचे फळ खाता येत नाही व लाकडाला बाजारात विशेष भाव नाही, त्याच्यावर कुऱ्हाड चालवताना कोणी फारसा विचार करीत नाही. बी गोळा करून ठेवू आणि मग सवडीने पेरू, असेही ह्याच्या बाबतीत चालत नाही. तेलकट बी लवकर निर्जीव होते. पावसाळ्याच्या तोंडी फळे उतरवून त्याच हंगामात, ओल्या जमिनीत, सावलीच्या जागी त्यांतील बी लावावे लागते.